अणुवीज केंद्राची आपत्कालीन योजना: निर्णय कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारे घ्यायचा?

दीपस्तंभ

अणुवीज केंद्राच्या सुरक्षिततेची चर्चा बहुतेक वेळा भट्टीची रचना, तिच्याभोवतीचे काँक्रीटचे कवच आणि जादा बसवलेले पंप यांच्यापाशी येऊन थांबते. मला या धाग्यात त्यापुढचा प्रश्न मांडायचा आहे. हे सगळे अडथळे ओलांडून अपघात झालाच, तर पहिल्या काही तासांत केंद्राच्या आत आणि कुंपणाबाहेर कोण काय करणार, आणि ते करण्याची तयारी खरोखर आहे की केवळ जाडजूड दस्तऐवजात आहे, हे कशावरून ओळखायचे?

आधी वेळेचे गणित पाहू. भट्टी बंद केली म्हणजे साखळी प्रक्रिया थांबते, पण इंधनात साठलेल्या विखंडन-द्रव्यांचा (अणू फुटून तयार झालेल्या किरणोत्सारी द्रव्यांचा) क्षय चालूच राहतो. बंद झाल्याच्या क्षणी ही अवशिष्ट उष्णता पूर्ण क्षमतेच्या सुमारे ६ ते ७ टक्के असते आणि एका दिवसानंतर ती एका टक्क्याच्याही खाली येते. मात्र ३,००० मेगावॅट औष्णिक क्षमतेच्या भट्टीचे सहा-सात टक्के म्हणजे सुरुवातीला सुमारे २०० मेगावॅट उष्णता होते, आणि ती वाहून नेण्याचे सर्व मार्ग बंद पडले तर काही तासांत इंधन उघडे पडून वितळू लागू शकते. आपत्कालीन योजनेला मिळणारा अवधी या काही तासांचाच असतो.

म्हणूनच योजनेतील क्षेत्रे आधीच नकाशावर आखून ठेवलेली असतात. मोठ्या भट्ट्यांसाठी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने सुचवलेल्या मांडणीत सर्वांत आतले क्षेत्र साधारण ३ ते ५ किलोमीटर त्रिज्येचे आहे. तेथे गंभीर आणीबाणी घोषित होताच, किरणोत्सर्ग बाहेर पडण्यापूर्वीच, लोकांच्या संरक्षणाची पावले उचलायची असतात. त्याबाहेर १५ ते ३० किलोमीटरपर्यंतच्या पट्ट्यात घरात थांबणे, आयोडीनच्या गोळ्या घेणे आणि मोजमापानुसार लोकांना हलवणे यांची तयारी अपेक्षित असते. त्याहीपलीकडे १०० आणि ३०० किलोमीटरपर्यंतची अंतरे विचारात घेतली जातात. तेथे मुख्य प्रश्न जमिनीवर साचलेल्या द्रव्यांचा, दुधाचा, भाजीपाल्याचा आणि पाण्याचा असतो. अमेरिकेत १० मैल आणि ५० मैल अशी दोन वर्तुळे धरली जातात. आकडे देशागणिक वेगळे असले, तरी जवळच्यांसाठी आधी कृती आणि दूरच्यांसाठी आधी मोजमाप हे तत्त्व सगळीकडे सारखेच आहे.

माझे मत असे, की योजनेची खरी परीक्षा मोजमापे हाती येण्याआधी घ्याव्या लागणाऱ्या निर्णयात होते, आणि त्या निर्णयाची किंमत सर्वांत आधी त्यांना मोजावी लागते ज्यांना स्वतःच्या पायांनी घर सोडता येत नाही. या दोन्ही बाजूंनी जाणकारांनी लिहावे, अशी विनंती आहे.

वाटसरू

धागा महत्त्वाचा आहे, पण मूळ तत्त्वाविषयीच मला शंका आहे. केंद्राभोवती आज स्वयंचलित मापके बसवलेली असतात, हवामानाची माहिती क्षणोक्षणी मिळते आणि संगणकीय प्रारूपावरून किरणोत्सारी ढग कोणत्या दिशेला जाईल याचा अंदाजही काढता येतो. असे असताना किरणोत्सर्ग बाहेर पडला आहे की नाही हे न पाहताच हजारो कुटुंबांना घराबाहेर काढणे हा घाईचा निर्णय नव्हे काय? आकडा पाहून निर्णय घेणे अधिक जबाबदारीचे नाही का?

पाळीप्रमुख

वाटसरू, आपली शंका रास्त आहे आणि नेमकी याच शंकेमुळे अनेक वर्षे योजना चुकीच्या पायावर उभ्या होत्या. मी नियंत्रण कक्षातील कामाच्या बाजूने उत्तर देतो.

केंद्रात आणीबाणीची पायरी ठरवण्यासाठी ‘कृती-पातळ्या’ आधीच लिहून ठेवलेल्या असतात. त्यांपैकी बहुतेक पातळ्या भट्टीच्या स्थितीवर आधारलेल्या असतात. सर्व प्रत्यावर्ती (एसी) वीजपुरवठा ठरावीक मिनिटांहून अधिक काळ खंडित झाला, गाभ्यातील पाण्याची पातळी अमुक रेषेखाली गेली, किंवा इंधनाचे आवरण, शीतकाची (भट्टी थंड ठेवणाऱ्या पाण्याची) दाबप्रणाली आणि बाहेरचे कवच या तीन अडथळ्यांपैकी दोन गेले आणि तिसरा धोक्यात आला, अशा त्या नोंदी असतात. पाळीवरच्या प्रमुखाने वरिष्ठांच्या फोनची वाट न पाहता ही पायरी घोषित करायची असते. अमेरिकी नियमांनुसार पातळी गाठल्याची चिन्हे दिसल्यापासून १५ मिनिटांत घोषणा, आणि घोषणेपासून १५ मिनिटांत राज्य व स्थानिक प्रशासनाला सूचना देण्याची क्षमता केंद्राकडे असावी लागते. घोषणेबरोबरच जवळच्या क्षेत्रासाठी काय करावे याची शिफारसही जाते. मात्र लोकांना हलवण्याचा आदेश देणे हे नागरी प्रशासनाचेच काम आहे, आणि योजना बहुतेक वेळा याच सांध्यावर अडखळते.

फुकुशिमाचा क्रम पाहा. ११ मार्च २०११ रोजी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी भूकंप झाला. सुमारे ५० मिनिटांनी त्सुनामीची मोठी लाट आली आणि तळघरांतील डिझेल जनरेटर व विद्युत फलक पाण्याखाली गेले. ३ वाजून ४२ मिनिटांनी केंद्राने वीज गेल्याची पहिली सूचना दिली आणि ४ वाजून ४५ मिनिटांनी त्याहून गंभीर स्थिती कळवली. राष्ट्रीय पातळीवरील आणीबाणी मात्र ७ वाजून ३ मिनिटांनी जाहीर झाली, म्हणजे मध्ये दोन तासांहून अधिक वेळ गेला. ८ वाजून ५० मिनिटांनी प्रांताच्या प्रशासनाने स्वतःहून २ किलोमीटरच्या आतील लोकांना हलण्यास सांगितले आणि ९ वाजून २३ मिनिटांनी केंद्र सरकारचा ३ किलोमीटरचा आदेश आला. दुसऱ्या दिवशी पहाटे ही मर्यादा १० किलोमीटर झाली आणि संध्याकाळी २० किलोमीटर. ज्यांना दोन-तीनदा मुक्काम हलवावा लागला, त्यांच्या हालांचे मूळ या पायऱ्यापायऱ्यांच्या आदेशांत आहे.

आता मोजमापांविषयी. जपानकडे ढगाचा मार्ग वर्तवणारी ‘स्पीडी’ नावाची प्रणाली होती. तिला भट्टीतून किती आणि कोणती द्रव्ये बाहेर पडत आहेत ही माहिती हवी होती, आणि ती माहिती देणारी उपकरणे वीज गेल्यामुळे मुकी झाली होती. गृहीत आकड्यांवर नकाशे काढले गेले, पण ते वेळेवर स्थानिक प्रशासनांपर्यंत पोहोचलेच नाहीत. नामिए गावातील अनेक लोक वायव्येकडील त्सुशिमा भागात जाऊन थांबले आणि पुढे त्याच दिशेला सर्वाधिक द्रव्ये साचली. तीस किलोमीटरच्या पलीकडे असलेल्या इइताते गावाला हलवण्याचा निर्णय तर २२ एप्रिलला झाला. हे नकाशे दडपून ठेवणे गैरच होते. पण त्यातून मी घेतलेला धडा असा आहे, की ज्या अपघातात मोजमापाची सर्वाधिक गरज असते त्याच अपघातात मापके बंद पडण्याची शक्यताही सर्वाधिक असते. जवळच्या क्षेत्रासाठीचा निर्णय त्यांच्यावर टांगून ठेवता येत नाही.

आणि आकडा हाती आला तरी तो संदर्भासह हवा. अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्राच्या अपघातात, ३० मार्च १९७९ रोजी, धुरांड्याच्या अगदी वर हेलिकॉप्टरमधून तासाला १,२०० मिलिरेम (किरणोत्सर्गाच्या मात्रेचे एकक) अशी नोंद मिळाली. ती वस्तीच्या ठिकाणची आहे असा समज वरच्या पातळीवर झाला आणि लोकांना हलवण्याची शिफारस निघाली. नोंद खरी होती, पण ती कोठे घेतली हे तिच्यासोबत पोहोचले नाही.

वाटसरू

सविस्तर उत्तराबद्दल आभार. भट्टीच्या स्थितीवरून निर्णय घेण्याचे कारण आता पटले. मग जवळच्या सर्वांना शक्य तितक्या लवकर बाहेर काढणे हेच सर्वांत सुरक्षित, असे समजायचे का?

रुग्णसेवा

नाही, आणि या धाग्यातला सर्वांत कठीण भाग मला हाच वाटतो. मी आरोग्यसेवेत आहे, म्हणून त्याच बाजूने लिहिते.

फुकुशिमा केंद्रापासून पाच किलोमीटरच्या आत, ओकुमा गावात, फुताबा नावाचे रुग्णालय होते. १२ मार्चला ज्यांना चालता येत होते अशा रुग्णांना आणि कर्मचाऱ्यांना बसने हलवण्यात आले, आणि अंथरुणाला खिळलेले शंभराहून अधिक रुग्ण मागे राहिले. १४ तारखेला त्यांपैकी काहींना व शेजारच्या वृद्धाश्रमातील लोकांना ज्या बसमध्ये बसवले गेले, ती दहा तासांहून अधिक वेळ आणि दोनशेहून अधिक किलोमीटर फिरून एका शाळेच्या व्यायामशाळेत पोहोचली. सोबत डॉक्टर नव्हते, आडवे झोपवण्याची सोय नव्हती, शिरेतून द्रव देण्याची व्यवस्था नव्हती. काही रुग्ण बसमध्येच दगावले. जपानच्या संसदेने नेमलेल्या चौकशी आयोगाने नोंदवले आहे, की २० किलोमीटरच्या आतील रुग्णालये आणि शुश्रूषागृहे यांतील किमान ६० जणांचा मार्चअखेरपर्यंत या हलवाहलवीच्या परिणामांमुळे मृत्यू झाला. त्यांना किरणोत्सर्गाने मारले नाही. थंडी, निर्जलीकरण, तुटलेले उपचार आणि प्रवास यांनी मारले.

पुढे फुकुशिमा प्रांतात आपत्तीशी संबंधित मृत्यू म्हणून अधिकृतपणे नोंदवले गेलेले लोक २,३०० हून अधिक आहेत. ही संख्या त्या प्रांतात भूकंप-त्सुनामीत थेट मरण पावलेल्यांपेक्षा मोठी आहे. त्यात बहुसंख्य वृद्ध आहेत. याच्या शेजारी संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सर्गविषयक वैज्ञानिक समितीचा निष्कर्ष ठेवून पाहावा: फुकुशिमाच्या रहिवाशांमध्ये किरणोत्सर्गाच्या मात्रेमुळे थेट झाला असे म्हणता येईल असा आरोग्यावरचा दुष्परिणाम नोंदला गेलेला नाही. लोकांना हलवलेच नसते तर काही जणांना मिळालेली मात्रा बरीच वाढली असती हेही खरे आहे, त्यामुळे ‘हलवायलाच नको होते’ असा सोपा निष्कर्ष मी काढणार नाही. मात्र अतिदक्षता विभागातील रुग्ण, डायलिसिसवर असलेली व्यक्ती आणि घरी एकटी राहणारी नव्वदीतील आजी यांच्यासाठी ‘तात्काळ बाहेर पडा’ हा आदेश हाच धोका ठरू शकतो.

अशा संस्थांना निदान काही दिवस आतच सुरक्षित राहता येईल अशी सोय आधीच करून ठेवणे हा यावरचा उपाय आहे. जपानने नंतर नेमके हेच सुरू केले. केंद्राजवळच्या रुग्णालयांत आणि वृद्धाश्रमांत गाळणयंत्रे बसवून आतील हवेचा दाब बाहेरपेक्षा किंचित अधिक ठेवता येईल अशी व्यवस्था केली, जेणेकरून दूषित हवा आत शिरत नाही आणि रुग्णवाहिका, सोबतचे डॉक्टर व स्वीकारणारे रुग्णालय निश्चित होईपर्यंत रुग्णाला जागेवर ठेवता येते. या तिन्ही गोष्टी ठरल्याशिवाय अंथरुणावरच्या माणसाला हलवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रत्येक संस्थेसाठी ‘स्वीकारणारी संस्था’ नावानिशी ठरलेली आणि त्या संस्थेने तसे लेखी मान्य केलेले असावे. ‘योग्य रुग्णालयात हलवावे’ एवढेच वाक्य ज्या योजनेत असते, ती योजना त्या रुग्णापुरती अस्तित्वातच नसते.

दीपस्तंभ

रुग्णसेवा, आपण हे इतक्या नेमकेपणाने लिहिल्याबद्दल मनापासून आभार. यावरून घरात थांबण्याच्या आदेशाविषयी थोडे लिहितो, कारण तो आदेश देणे सोपे आणि निभावणे फार अवघड असते.

दारे-खिडक्या बंद करून, पंखे व वातानुकूलन थांबवून पक्क्या इमारतीत राहिल्यास श्वासावाटे आणि बाहेरून मिळणारी मात्रा बरीच कमी होते. काँक्रीटच्या मोठ्या इमारतीत हा फायदा लाकडी घरापेक्षा कितीतरी अधिक असतो. पण तो तासांचा किंवा फार तर एक-दोन दिवसांचा उपाय आहे. हवा हळूहळू आत शिरतेच, आणि माणसांना अन्न, औषधे व बातमी लागते. फुकुशिमात २० ते ३० किलोमीटरच्या पट्ट्यातील लोकांना १५ मार्चला घरातच राहण्यास सांगितले गेले आणि २५ मार्चला स्वेच्छेने बाहेर पडण्याचा सल्ला देण्यात आला. मधल्या दहा दिवसांत मालवाहू वाहनांचे चालक त्या भागात यायला तयार नव्हते. दुकाने रिकामी झाली, इंधन संपले आणि अखेर मिनामिसोमाच्या महापौरांनी यूट्यूबवरून जगाला मदतीचे आवाहन केले. घरात थांबण्याचा आदेश ज्या कागदावर लिहिला जातो, त्याच कागदावर तो कधी संपणार आणि तोवर पुरवठा कोण करणार हेही लिहिलेले असले पाहिजे.

हाच प्रश्न बसचालकांचाही आहे. योजनेत इतक्या बस लागतील असा हिशेब असतो, पण त्या चालवणारी माणसे किरणोत्सर्गाच्या क्षेत्रात जाण्यासाठी प्रशिक्षित आहेत का, त्यांना मात्रामापक मिळणार आहे का, आणि त्यांच्या स्वतःच्या कुटुंबाचे काय, याची नोंद क्वचितच दिसते. चेर्नोबिल केंद्राजवळचे प्रीपियात शहर २७ एप्रिल १९८६ रोजी दुपारी रिकामे करण्यात आले. सुमारे ४९,००० लोक आणि हजाराहून अधिक बस, आणि ते काही तासांत पार पडले. पण ते अपघातानंतर जवळपास दीड दिवसाने झाले, आणि त्या दीड दिवसात मुले रस्त्यांवर खेळत होती. वाहनांची व्यवस्था झाली, निर्णय वेळेवर झाला नव्हता.

सजग

धागा वाचून एक व्यावहारिक प्रश्न विचारावासा वाटतो. आयोडीनच्या गोळ्या घेतल्या की किरणोत्सर्गापासून संरक्षण मिळते, असे सर्रास ऐकू येते. त्या गोळ्या सर्वांनी आधीपासून घरी ठेवाव्यात का, आणि गोळी नसेल तर आयोडीनयुक्त मीठ चालेल का?

रुग्णसेवा

सजग, मिठाने काहीही साध्य होत नाही. एका प्रौढ मात्रेइतके आयोडीन मिठातून मिळवायचे तर कित्येक किलो मीठ खावे लागेल आणि ते मीठच प्राणघातक ठरेल. २०११ मध्ये चीनमध्ये लोकांनी मिठासाठी रांगा लावल्या होत्या. आधी समजावून सांगितले नाही की भीती आपला मार्ग स्वतः शोधते.

गोळी ही पोटॅशियम आयोडाइडची असते आणि ती फक्त एका अवयवाचे, थायरॉईड ग्रंथीचे, फक्त एका मूलद्रव्यापासून, किरणोत्सारी आयोडीनपासून, रक्षण करते. ग्रंथी आधीच साध्या आयोडीनने भरलेली असली की ती किरणोत्सारी आयोडीन शोषून घेत नाही. सीझियमसारख्या इतर किरणोत्सारी मूलद्रव्यांवर किंवा बाहेरून येणाऱ्या किरणांवर तिचा काहीही उपयोग नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार १२ वर्षांवरील व्यक्तीसाठी १३० मिलिग्रॅम, ३ ते १२ वर्षांसाठी ६५, एक महिना ते ३ वर्षांसाठी ३२ आणि नवजात बालकासाठी १६ मिलिग्रॅम पोटॅशियम आयोडाइड अशा मात्रा आहेत. उत्तम वेळ म्हणजे दूषित हवा येण्यापूर्वीच्या २४ तासांपासून ती आल्यानंतरच्या २ तासांपर्यंत. आठ तासांपर्यंतही थोडा उपयोग होतो, पण २४ तास उलटून गेल्यावर घेतल्यास फायद्यापेक्षा अपाय अधिक होऊ शकतो. सर्वांत अधिक गरज मुलांना, गरोदर स्त्रियांना आणि स्तनपान देणाऱ्या मातांना असते. चाळिशीनंतर लाभ कमी होत जातो. प्रशासनाने सांगितल्याशिवाय स्वतःहून गोळी घेऊ नये, आणि थायरॉईडचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे.

या वेळापत्रकातूनच साठा कोठे असावा याचे उत्तर मिळते. जवळच्या क्षेत्रात गोळ्या लोकांच्या घरीच पोहोचलेल्या असल्या पाहिजेत. गोदामातून वाटप करायचे म्हटले तर उपयोगाचे तास वाटपातच संपतात. स्वित्झर्लंडमध्ये ५० किलोमीटरपर्यंत त्या आधीच वाटलेल्या असतात. फुकुशिमाच्या वेळी मिहारू गावाच्या प्रशासनाने वरून सूचना नसताना १५ मार्चला स्वतःच्या जबाबदारीवर गोळ्या दिल्या, तर इतर अनेक गावांत साठा असूनही आदेशाची वाट पाहिली गेली.

एक गोष्ट मात्र गोळीपेक्षाही महत्त्वाची आहे, ती म्हणजे दूध. चेर्नोबिलनंतर बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या बाधित भागांत त्या वेळी मुले किंवा किशोरवयीन असलेल्यांमध्ये थायरॉईड कर्करोगाचे ६,००० हून अधिक रुग्ण २००५ पर्यंत आढळले. त्यांतील मोठा वाटा दूषित गवत खाणाऱ्या गायींचे दूध तातडीने न थांबवल्यामुळे झाला, असे मानले जाते. किरणोत्सारी आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य (ते निम्मे होण्यास लागणारा काळ) सुमारे ८ दिवसांचे आहे. काही आठवडे ताजे स्थानिक दूध बंद ठेवले असते, तर त्या मुलांच्या ग्रंथींपर्यंत पोहोचलेले बरेचसे आयोडीन वाटेतच क्षय पावले असते. पोलंडने अपघाताची पूर्ण माहिती नसतानाही २९ एप्रिलपासून सुमारे एक कोटी मुलांना आयोडीन दिले आणि दुधावर निर्बंध घातले. अपुऱ्या माहितीवर योग्य निर्णय घेता येतो, याचे हे उदाहरण आहे.

पाळीप्रमुख

केंद्राच्या आतील तयारीविषयी थोडे लिहितो, कारण बाहेरच्या लोकांना मिळणारा वेळ आतली माणसेच मिळवून देतात.

२००७ च्या भूकंपात जपानमधील काशिवाझाकी-कारिवा केंद्रात आपत्कालीन कक्षाचे दारच वाकून बसले आणि तो वापरता आला नाही. त्यातून धडा घेऊन फुकुशिमात भूकंपाचे धक्के कमी जाणवतील अशी स्वतंत्र इमारत २०१० मध्ये पूर्ण झाली. आठ महिन्यांनी तिच्यातूनच संपूर्ण लढा दिला गेला, आणि ती नसती तर तेथे माणसे थांबूच शकली नसती. याउलट केंद्रापासून सुमारे पाच किलोमीटरवरचे सरकारी समन्वय केंद्र वीज व दळणवळण तुटल्यामुळे आणि नंतर वाढलेल्या किरणोत्सर्गामुळे सोडून द्यावे लागले. अपघाताच्या वेळी वापरायची इमारत त्या अपघातात टिकेल का, हा प्रश्न तिचे ठिकाण ठरवताना पुरेसा विचारला गेला नव्हता.

फुकुशिमाच्याच शेजारच्या दाइनी अणुवीज केंद्रात बाहेरून येणारी एक वीजवाहिनी शाबूत राहिली आणि कर्मचाऱ्यांनी जड तारा खांद्यांवर वाहून सुमारे नऊ किलोमीटर तात्पुरती जोडणी साधारण एका दिवसात केली. ते केंद्र वाचले. त्यानंतर फिरते पंप, जनरेटर आणि जोडणीचे प्रमाणित भाग सुरक्षित उंचीवर ठेवण्याची पद्धत अनेक देशांत आली. अमेरिकेत दोन राष्ट्रीय साठे आहेत, जेथून कोणत्याही केंद्राला २४ तासांत साहित्य पोहोचावे अशी व्यवस्था आहे. फ्रान्सने त्यासाठी खास जलद कृती दल उभारले. माझा आग्रह एवढाच आहे, की सरावात ही यंत्रे प्रत्यक्ष ओढत न्यावीत, अंधारात आणि हातमोजे घालून जोडावीत. नळीचे तोंड बसत नाही हे गोदामाच्या यादीवरून कधीच कळत नाही.

जीव वाचवण्यासाठी आत जाणाऱ्यांच्या मात्रेची मर्यादाही शांतपणाच्या काळातच ठरलेली असावी. फुकुशिमात ती अपघात चालू असताना १०० वरून २५० मिलिसीव्हर्टवर (हेही मात्रेचे एकक) नेली गेली. ज्याला आत जायचे आहे त्याने धोका आधी समजून घेतलेला असावा आणि त्याची संमती स्वेच्छेची असावी. धोका समोर उभा असताना घेतलेल्या संमतीला मी पूर्ण संमती मानत नाही.

वाटसरू

बातम्यांत ‘पातळी सात’ वगैरे जे सांगतात, त्यावरून नागरिकांनी काय करायचे ते ठरते का?

पाळीप्रमुख

नाही. ती आंतरराष्ट्रीय घटनामापनाची श्रेणी असून घडलेल्या घटनेचे गांभीर्य लोकांना सांगण्यासाठी आहे. फुकुशिमाला १२ मार्चला पातळी ४, १८ मार्चला ५ आणि १२ एप्रिलला ७ असे वर्गीकरण मिळाले. तोवर लोकांना घरे सोडून महिना झाला होता. नागरिकांनी पाहायची गोष्ट म्हणजे केंद्राने घोषित केलेली आणीबाणीची पायरी आणि आपल्या क्षेत्रासाठी निघालेली सूचना.

दीपस्तंभ

आता मूळ प्रश्नाकडे येतो: तयारी खरी आहे की नाही हे कसे ओळखायचे? सराव सगळीकडे होतात. पण ज्या सरावात घटनेची वेळ सर्वांना आधी ठाऊक असते, दूरध्वनी चालू असतात, हवामान अनुकूल असते आणि गावकऱ्यांच्या भूमिका मोजकी निवडलेली माणसे करतात, तो सराव यशस्वी ठरणे अटळच असते. त्यातून शिकण्यासारखे फारसे उरत नाही.

मला सरावात पाहायला आवडेल ते असे. सराव रात्री, सुट्टीच्या दिवशी, पूर्वसूचनेशिवाय सुरू व्हावा. केंद्राच्या घोषणेपासून पहिल्या गावातील शेवटच्या घरापर्यंत सूचना पोहोचण्यास किती मिनिटे लागली ते मोजले जावे, आणि मोबाईलचे जाळे बंद धरूनही एकदा मोजले जावे. निर्णय घेणारा मुख्य अधिकारी अनुपलब्ध असल्याचे मध्येच जाहीर करावे आणि त्याच्या जागी कोण उभा राहतो ते पाहावे. मुख्य रस्ता पुराने किंवा भूकंपाने बंद आहे असे धरावे, कारण मोठा अपघात बहुधा दुसऱ्या एखाद्या आपत्तीच्या पाठीवरच येतो. रुग्णालयातील एका तरी अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या जागी स्वयंसेवक ठेवून त्याला ठरलेल्या संस्थेपर्यंत प्रत्यक्ष न्यावे. शाळेतील मुले पालकांकडे सोपवायची की शाळेनेच थेट निवारा केंद्रावर न्यायची, हे पालकांना तोंडपाठ आहे का ते विचारावे; ते माहीत नसेल तर प्रत्येक पालक उलट दिशेने शाळेकडे धावेल आणि रस्ता तेथेच तुंबेल.

थ्री माइल आयलंडच्या वेळी सल्ला फक्त पाच मैलांच्या आतील गरोदर स्त्रिया आणि शाळेत न जाणारी लहान मुले यांच्यासाठी होता. प्रत्यक्षात सुमारे १,४४,००० लोक निघून गेले. ते वेडेपणाने वागले असे मला वाटत नाही. दोन दिवस परस्परविरोधी निवेदने ऐकल्यावर कोणत्याही आईबापाने तेच केले असते. म्हणून ज्यांना थांबायचे आहे त्यांना का थांबायचे हे निघणाऱ्यांइतक्याच तपशिलाने सांगावे लागते, नाहीतर ज्यांना खरोखर आधी निघायचे आहे त्यांचा रस्ता इतरांच्या गाड्यांनी भरतो.

सरावानंतर आढळलेल्या त्रुटी प्रसिद्ध कराव्यात, प्रत्येक त्रुटीपुढे ती दूर करणाऱ्याचे पद आणि मुदत लिहावी, आणि पुढच्या सरावाची सुरुवात त्याच त्रुटींपासून करावी. नियामक संस्था, केंद्र आणि नागरी प्रशासन या तिघांचे अहवाल वेगवेगळे असावेत, कारण एकाच अहवालात तिघांची नावे आली की दोष कोणाच्याच नावावर राहत नाही.

रुग्णसेवा

दीपस्तंभ यांच्या यादीत एक भर घालते. केंद्राभोवतीच्या क्षेत्रात घरी ऑक्सिजनवर असलेल्या, न ऐकू येणाऱ्या, न दिसणाऱ्या आणि एकट्या राहणाऱ्या व्यक्तींची नोंदवही प्रत्येक गावात असावी, ती संबंधितांच्या संमतीने केलेली असावी आणि दर सहा महिन्यांनी कोणीतरी प्रत्यक्ष दारात जाऊन तपासावी. प्रत्येक नावापुढे दोन शेजाऱ्यांची नावे असावीत, कारण पहिला शेजारी त्या दिवशी गावात नसू शकतो. सरावाच्या दिवशी निरीक्षकाने ही वही उघडावी, कोणतेही एक पान काढावे आणि त्यावरील व्यक्तीच्या घरी स्वतः जाऊन विचारावे, की भोंगा वाजला तर तुमच्याकडे कोण येणार आहे.